नव्या स्कूटरस्वारांस चार हिताच्या गोष्टी

(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा हा मजकूर असून, सभासदांच्या आग्रहावरून वक्त्यांनी तो स्मरणिकेसाठी स्वतः लिहून दिला आहे.)



कार्यकारी मंडळाने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा 'विद्यार्थी आणि चारित्र्य' असा विषय दिला होता. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसाच्या वाट्यास असाच विषय यावयाचा! परंतु मघाशी गुणगौरवाचा कार्यक्रम चालू असता आम्ही शेजारी उभ्या असलेल्या मुलामुलींस सहज विचारले, "बाळांनो, उत्तीर्ण झाल्याबद्दल घरून काय मिळाले?" एकाने सांगितले, स्कूटर. दुसरीने सांगितले, स्कूटर. तिसरा म्हणाला, "बाबांनी कबूल केली आहे, दसऱ्याला येणार." ते ऐकून आम्ही अध्यक्षांच्या अनुमतीने विषय बदलला. चारित्र्य घडावयास माणूस प्रथम धडधाकट घरी परत आला पाहिजे.

आम्ही या शास्त्रातले पंडित नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन अध्यापनाची पदविका घेतली, एवढीच आमची विद्या. स्कूटर मात्र आम्ही तीसहून अधिक वर्षे चालविली, आणि त्या काळात एक चूक अशी केली की तिचे फळ आमच्या घरात आजही आहे. ती गोष्ट शेवटी सांगू.

आजच्या मुलांस ठाऊक नसेल, पण स्कूटर ही एके काळी नवसासायासाची वस्तू होती. १९५० नंतरच्या दशकात मुंबईत लँब्रेटाची जुळणी होऊ लागली. पुढे पुण्याजवळ आकुर्डीस बजाजच्या कारखान्यात व्हेस्पा तयार होऊ लागली. आणि १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' आले. नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा तो काळ होता. परदेशी असलेल्या नातलगाने परकीय चलनात पैसे भरले तर तीच गाडी लवकर मिळे, म्हणून अशा नातलगाची त्या काळी फार चौकशी होत असे! आम्ही १९८८ साली एक जुने चेतक घेतले. सकाळी ते एका अंगावर कलंडवून मगच किक मारावी लागे, डाव्या हाताने गियर पिळावे लागत. त्या खटपटीत एक गुण होता. गाडी शिकावयास वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात माणूसही थोडा शहाणा होई. आजची स्कूटर बटण दाबताच सुरू होते, गियर नाहीत, मूठ पिळली की धावते. दोन तासांत चालविता येते. चालविता येणे आणि रस्त्यावर नेता येणे यांतील अंतर मात्र पूर्वीइतकेच आहे. त्या अंतराविषयी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट परवान्याची. ही मुलांपेक्षा आईबापांनी अधिक ऐकावी. 'सोळाव्या वर्षी परवाना मिळतो' असे आपल्यापैकी पुष्कळजण समजून चालतात. तो परवाना गियर नसलेल्या आणि ५० सी.सी.पर्यंतच्याच गाडीचा असतो. आज बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटरी ११० अथवा १२५ सी.सी.च्या आहेत, त्यांस अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. दहावी झालेल्या मुलास अशी गाडी देणे हे लाड नसून गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा गाडीचा मालक दोषी ठरतो. त्यास २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होऊ शकते, आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. एका पेढ्याच्या पुड्याबरोबर एवढे सारे आपण घरात आणतो, याचा विचार व्हावा.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. हे तीस दिवस खऱ्याखुऱ्या शिक्षणासाठी आहेत. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडे 'एल' अक्षर लावावे. त्यात कमीपणा नाही. पहिलीच्या मुलाच्या हाती पाटी असते, त्याची कोणी थट्टा करीत नाही. शिकाऊ परवान्यावर मागे मैत्रिणीस वा भावास बसवू नये. मागे बसावयाचे ते पक्का परवाना असलेल्या, शिकविणाऱ्या माणसाने.

दुसरी गोष्ट हाताची आणि यंत्राची. नव्या स्वाराने पहिला आठवडा पहाटे मोकळ्या मैदानावर काढावा आणि पळविण्यापेक्षा थांबविण्याचा अभ्यास करावा. बिनगियरच्या स्कूटरला उजव्या हाताशी पुढचा आणि डाव्या हाताशी मागचा ब्रेक असतो. पुढचा ब्रेक लावला की उलटून पडतो, अशी एक समजूत घरोघर आहे. म्हणून पुष्कळजण जन्मभर डावाच ब्रेक दाबतात. वास्तविक गाडी थांबू लागली की सारा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबविण्याची शक्तीही पुढच्या ब्रेकमध्येच अधिक असते. दोन्ही ब्रेक एकाच वेळी, लिंबू पिळावे तसे हळूहळू वाढवीत दाबावे. झटका देऊ नये. चाक वळलेले असता अथवा वाळूवर, ओल्या लोखंडी झाकणावर आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर जोरात ब्रेक मारू नये. आधी गाडी सरळ करावी, मग थांबवावी. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडलेले असतात अथवा चाक जाम होऊ न देणारी योजना असते. ही सोय चांगली आहे, पण ती मागे धावणाऱ्या गाडीस थांबवीत नाही. म्हणून आरशात पाहण्याची सवय हवी. काही तरुण देखणेपणासाठी आरसे काढून ठेवतात. त्यांनी मागचे डोळेच काढून ठेविले असे समजावे.

रोज निघताना पाच जागी नजर टाकावी: चाकातील हवा, ब्रेक, पुढचा-मागचा दिवा, वळण्याचे दिवे आणि आरसे. पूजेच्या वेळी तबकातील पाच वस्तू पाहतो, तितकाच वेळ लागतो. टायरची नक्षी झिजली असेल तर पावसाळ्याची वाट न पाहता तो बदलावा. विजेवर चालणारी स्कूटर घेणाऱ्यांस एक विशेष सूचना: तिचा आवाज होत नाही, त्यामुळे पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसास ती आलेली कळत नाही. तेव्हा गर्दीत आपणच सावध असावे.

तिसरी गोष्ट रस्त्याची. आपला ठाणे जिल्हा घोडबंदर रस्त्याने गुजरातकडे, भिवंडीने नाशिककडे आणि शीळफाट्याने न्हावा-शेवा बंदराकडे जोडलेला आहे. म्हणून आपल्या मुलांची स्कूटर ज्या रस्त्यावर धावते, त्याच रस्त्यावर चौदा-अठरा चाकांचे कंटेनरही धावतात. कापूरबावडी, गायमुखचा घाट, मुंब्र्याचा बाह्यवळण रस्ता, कल्याण-शीळ रस्ता येथे हा संबंध रोज येतो. त्यासाठी एक सोपी खूण आहे. ट्रकच्या आरशात तुम्हांस चालकाचे तोंड दिसत नसेल, तर त्यासही तुम्ही दिसत नाही. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्यांच्या मार्गाने न जाता आतल्या अंगाने कापीत येतात. म्हणून तिच्या आणि पदपथाच्या मध्ये कधीही शिरू नये, मग तेथे कितीही मोकळी जागा दिसो. ती जागा तुमच्यासाठी मोकळी नसते.

आता पावसाळा. पहिल्या सरीने रस्त्यावरचे साचलेले तेल वर येते आणि डांबर शेवाळल्यासारखे निसरडे होते. त्या दिवशी वेग निम्मा करावा. स्कूटरचे चाक मोटारसायकलपेक्षा लहान असते, त्यामुळे ज्या खड्ड्यातून मोटारसायकल धक्का खाऊन बाहेर येते त्यात स्कूटरचे चाक अडकते. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कोणी सांगावी? पुढच्या मोटारीची चाके जेथून सुखरूप गेली, त्याच रेषेतून, अंतर राखून जावे. मेट्रोच्या कामाजवळ लोखंडी पत्रे आणि कठडे असतात; तेथे पुढे घुसण्याचा मोह टाळावा.

माताभगिनींस विनंती की, साडीचा पदर आणि ओढणी खोचून, गाठ मारून बसावे. मागच्या चाकात गेलेली ओढणी गळ्याशी येते. मोठ्या घोळाचा रेनकोटही तसाच. शक्य त्यांनी दोन्ही बाजूंस पाय टाकून बसावे. रिक्षा हात दिसताच थांबते आणि उभ्या मोटारीचे दार केव्हाही उघडते, हे गृहीत धरूनच त्यांच्याजवळून जावे. मोबाइल खिशात नव्हे, डिकीत ठेवावा. खिशात असला की हात जातोच. मुंबईस जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, जे.जे. उड्डाणपूल, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू यांवर दुचाकीस बंदी आहे.

चौथी गोष्ट घड्याळाची. आमच्या मते हीच मुख्य, पहिल्या तीन हिच्या पोटात आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, पुढल्या वर्षी ती कल्याणास पोहोचली. तेव्हापासून आपल्या गावांची घड्याळे रेल्वेच्या हाती आहेत. येथला स्कूटरस्वार बहुधा स्कूटरने कचेरीत जात नाही. तो स्टेशनवर जातो. त्याच्या डोळ्यांसमोर रस्ता नसतो, फलाट असतो. आठ बाराची गाडी, आठ एकोणीसची गाडी! गाडी लावावयास जागा शोधण्यात चार मिनिटे जातात, ती रस्त्यावर भरून काढावी असे त्यास वाटते.

आम्ही पाचवीच्या वर्गास घालीत असू तसे एक गणित घालतो. घर ते स्टेशन चार किलोमीटर. ताशी ४० किलोमीटर वेगाने सहा मिनिटे लागतात, ताशी ३० किलोमीटर वेगाने आठ. जीव मुठीत धरून आपण मिळविली ती दोन मिनिटे! आता दुसरी बाजू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदास ११ मीटर. समोर पोर आडवे आले हे कळून हात ब्रेककडे जाण्यास एक सेकंद लागतो असे धरा. तेवढ्यात गाडी सुमारे एका एस.टी. बसच्या लांबीइतकी पुढे गेलेली असते, आणि ब्रेक तर अजून लागलेलाच नसतो. ही दोन मिनिटे रस्त्यावर मिळवावयाची नसतात. ती आदल्या रात्री मिळवावयाची असतात. डबा, कागदपत्रे, रेनकोट रात्रीच जागेवर ठेवावा आणि दहा मिनिटे आधी निघावे.

कल्याणचा जुना पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरविला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ पासून दोन वर्षे बंद होता. त्या काळात आपण सर्वांनी रांगेत किती तास काढले! गाड्या चुकल्या, लेटमार्क लागले. पण संसार मोडले नाहीत. चुकलेल्या गाडीच्या मागून दुसरी येते, एवढे त्या दोन पुलांनी आपणांस शिकविले असेल तर ते कष्ट वाया गेले नाहीत.

आता आमची चूक सांगतो.

२००९ सालचा जुलै महिना होता. भाच्याचा साखरपुडा कल्याणास होता आणि आम्ही डोंबिवलीहून चेतकवर निघालो. उशीर झाला होता. शिस्तीचे मास्तर म्हणून आमच्या डोक्यावर हेल्मेट होते. सौ.ने जुईचा गजरा माळला होता. जिना उतरताना ती म्हणाली, "अहो, शेजारच्यांकडून एक हेल्मेट मागून आणू का?" आम्ही म्हणालो, "अगं, जवळच तर जायचे आहे. चल लवकर." आमच्या घरात हेल्मेट एकच होते, आणि ते आमचे होते.

पाऊस रिमझिम होता. समोरचा टेम्पो ओलांडावा म्हणून आम्ही वेग वाढविला आणि पुढचे चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेले. आम्ही हातावर पडलो. कोपर सोलवटले, हेल्मेटला ओरखडा पडला. सौ. एका बाजूने बसली होती, ती पाठीमागे फेकली जाऊन तिचे डोके रस्त्याच्या कडेवर आपटले. लोक जमले, पण हात लावावयास कोणी धजेना. पोलीस आणि कोर्ट यांची भीती. एक रिक्षावाला पुढे आला. ज्या रिक्षावाल्यांस आम्ही रोज नावे ठेवीत असू, त्यांतलाच तो एक. त्याने तिला उचलून रुग्णालयात नेले, रात्री अकरापर्यंत थांबला आणि भाडे घेतले नाही.

सौ. नऊ दिवसांनी घरी आली. ईश्वरकृपेने ती आपल्यासमोर याच सभागृहात बसली आहे. परंतु डोक्यास मार बसला तेव्हा वासाचे सूक्ष्म मज्जातंतू तुटले, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि ते पुन्हा जुळले नाहीत. तेव्हापासून तिला कसलाही वास येत नाही. फोडणी करपली तर शेजारीण सांगते. गॅस बंद आहे की नाही, हे आम्ही रात्री उठून पाहतो. सणावारी आम्ही गजरा आणतो, ती माळते. पण तो ताजा आहे की शिळा, हे तिला आम्हांस विचारावे लागते. तिने आजवर आम्हांस एका शब्दानेही बोल लावलेला नाही. म्हणूनच तो आम्ही स्वतः येथे, तिच्यादेखत, लावून घेत आहो. साखरपुड्यास आम्ही वीस मिनिटे उशिरा पोहोचलो असतो, तर काय बिघडले असते?

घरी आल्यावर आम्ही ज्या पहिल्या कामासाठी बाहेर पडलो, ते दुसरे हेल्मेट आणण्याचे. ते आधी आणावयाचे असते.

ही आमच्या एका घराची गोष्ट नव्हे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मृत्यू पावले आणि त्यांतील १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसते कोण? पत्नी, आई, बहीण, मुलगा. कायदा तर स्पष्ट आहे: चार वर्षांवरील प्रत्येकास, पुढे असो वा मागे, हेल्मेट हवे, नसल्यास एक हजार रुपये दंड होतो आणि परवानाही तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतो. चार वर्षांखालील मुलास पट्ट्याने बांधून घेणे, त्यास बालहेल्मेट घालणे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवणे, असा नियम २०२२ साली निघाला आहे.

हेल्मेट आय.एस.आय. शिक्क्याचे घ्यावे, डोक्यास घट्ट बसणारे घ्यावे आणि हनुवटीचा पट्टा लावावा. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधी उडून जाते. कोपरात अडकविलेले हेल्मेट कोपराचेच रक्षण करते! एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे; आतला थर चेपलेला असतो.

आणि रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर भिऊ नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली कायद्यानेच मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्यास स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती नाही. आम्हांस त्या रिक्षावाल्याचे नाव आजतागायत ठाऊक नाही.

शेवटी दोन मागणी. तरुण मित्रांनो, आमच्यासाठी एवढेच करा: उशीर झाला असेल त्या दिवशी अधिक सावकाश जा, कारण त्याच दिवशी तुमचे लक्ष रस्त्यावर नसते. आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांस विनंती की, पुढील वर्षापासून गुणवंतांस ढाली आणि पेले कमी द्यावेत, दोन-दोन हेल्मेटे द्यावीत. एक त्याचे, एक त्याच्या मागे बसणाराचे. पहिल्या वर्षाच्या दोन हेल्मेटांचे पैसे आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून आजच कार्यवाहांकडे देत आहो.

 घरी जाताना सावकाश जा. जय हिंद, जय महाराष्ट्र.